व्याही, तुमच्या अंगठ्याचं माप

व्याही, तुम्ही गेल्यापासून माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. लोक येतात, ओट्यावर टेकतात, "बरं हाय ना?" म्हणून विचारतात आणि उठून जातात. मी काहीही बोललो तरी माना डोलावतात. परवा मी मुद्दाम म्हणालो, की यंदा पाऊस कमी झाला. धो धो पाऊस झाला होता, पण समोरचा म्हणाला, "व्हय, कमीच." तुम्ही असता तर माझ्या डोळ्यांवरून, वयावरून आणि आमच्या कोपर गावच्या सगळ्या माणसांच्या अकलेवरून मला धुऊन काढलं असतंत. मला तेच हवं होतं. ते मिळत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

लहानपणी कल्याणच्या शाळेत दोन बुकं शिकलो, त्यावरून तुम्ही मला जन्मभर "पंडित" म्हणालात. आता पंडित लिहितोय ते ऐका. मधे बोलायची सोय नाही, एवढंच वाईट.

तुम्ही दिवा गावचे तांडेल, होड्यांचे म्होरके; मी कोपरचा. मधे खाडीचं वळण. तुमच्या राघोला माझी चांगुणा दिली तेव्हापासून आपण व्याही, आपल्या बोलीत इवाय, झालो. त्याआधी एकमेकांच्या होड्यांवर दगड मारणारे शेजारी होतो. दगडांचं कारण तुम्हाला सांगायला नको, पण पुढे कुणी हे वाचलंच तर त्याला कळावं म्हणून लिहितो. आपलं खुंटांना बांधायचं जाळं तोंडाशी मोठं असतं आणि शेवटाला निमुळत्या पिशवीसारखं होत जातं. त्या पिशवीला आपण खोला म्हणतो. पाण्याबरोबर जे वाहत येईल ते खोल्यात जाऊन साठतं. खोल्याचे आस, म्हणजे विणीतली भोकं, जितके बारीक, तितकं काही सुटत नाही. आणि त्या वर्षांत दोन्ही गावांना हाव सुटली होती. खोले इतके बारीक विणले जात होते की त्यातून गाळ निघायलाही वेळ लागायचा. बोटाएवढे जिताडे, त्याहून लहान बोय, नखाएवढ्या चिंबोऱ्या, सगळं वर यायचं. बाजारात ते कोण घेणार? टोपल्या भरून शेतात खत म्हणून टाकायचो. पेरणीआधी सगळ्या शिवाराला कुजक्या मासळीचा वास असायचा आणि आम्ही तो वास बरकतीचा समजायचो.

मग जिताडा दिसेनासा झाला. पाठोपाठ बोय. भरतीचं पाणी आधी तुमच्या गावाला लागतं आणि मग आमच्याकडे येतं, त्यामुळे आम्ही दोष तुम्हाला दिला. काठ्या घेऊन तुमच्या बंदरावर आलो. मी पुढेच होतो. तुम्ही होडीवरून उतरलात, आमच्याकडे बघितलंत, आणि आपल्याच जाळ्याचा खोला सुरीनं कापून चिखलात टाकलात. सगळ्या खाडीत सर्वांत बारीक विणीचा खोला तुमचा होता. नवा होता. तुमच्या आईनं पावसाळाभर बसून विणलेला.

"आता इकरं बगा," तुम्ही म्हणालात आणि हात वर केलात. "हा माझा अंगठा. ज्या आसातनं हा न रेटता बुडापरत जाईल तो आस खरा. माझ्या गावात बी आन तुमच्या बी. जो मावनार नाय तो खोला कापाचा."

आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुजाच अंगठा का रं?"

"कारन आदी माझा खोला कापलाय."

काठ्या घेऊन गेलो होतो त्या तशाच परत आणल्या. वाटेत आमच्यातला एकजण म्हणाला की अंगठा तरी बारीक माणसाचा मिळायचा होता. कारण तुमचा अंगठा हा अंगठा नव्हताच, चांगुणाची आई त्याला राजेळी केळं म्हणायची.

तेव्हापासून दर वर्षी नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी दोन्ही गावांची जाळी तुमच्या अंगठ्याखालून जाऊ लागली. ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळून, वाळवून झाली की मगच तुम्ही बघायचात, कारण उकळल्यावर सूत आकसतं आणि कोऱ्या, न उकळलेल्या विणीवर फसवणारे काही कमी नव्हते. तुम्ही एकेका आसात अंगठा घालायचात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचात. अंगठा अडला तर शिवी नाही, आरडाओरडा नाही. नुसतं बघायचात. मी कितीतरी दांडगे गडी त्या बघण्यापुढे स्वतः सुरी काढताना पाहिले आहेत. आणि जिताडा परत आला हो. एकदम नाही, पण आला. पहिला मोठा जिताडा तुमच्या जाळ्यात लागला तो तुम्ही घरी नेला नाहीत. खांद्यावर टाकून बांधाबांधानं कोपरला आलात आणि माझ्या ओट्यावर आपटलात. "घे," म्हणालात, "काठी आनली व्हतीस ना, आता कालवन कर." त्याच दिवशी आपण सोयरीक ठरवली. माझ्या बायकोनं विचारलं, ज्याच्यावर काठी उगारलीत त्याच्या घरात पोरगी देणार? मी म्हणालो, ज्याच्यावर उगारली त्यालाच ओळखतो.

सरकारातून तो साहेब आला होता ते आठवतं? बारीक जाळ्यांनी मासळी संपते का, हे विचारत ते लोक किनाऱ्यानं फिरत होते. त्याच्याबरोबर एक मराठी कारकून होता, भला माणूस. त्यानं विचारलं, तुमच्याकडे आस किती इंचांचा? तुम्ही अंगठा पुढे केलात. साहेबानं तो वाकून बघितला, आपला स्वतःचा शेजारी धरून बघितला आणि खूश झाला. कारकुनानं मात्र सरळ विचारलं, "आणि तांडेल, तुम्ही मेल्यावर हो?"

सगळे हसले. तुम्ही सर्वांत मोठ्यानं हसलात. मला हसू आलं नाही. तो प्रश्न माझ्या डोक्यात रुतून बसला आणि तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

मी तिवराच्या लाकडाचा तुकडा आणि सुरी घेऊन तुमच्याकडे आलो. म्हटलं, अंगठा धरा, त्याच्या मापाची खुंटी तासून घेतो. एक तुमच्या देवळात ठेवू, एक आमच्या. तुम्ही मूठ मिटलीत.

"लाकराला लाज नसते, इवाय," तुम्ही म्हणालात. "लाकूर कोनाच्या बी हातात जातं. आज खरं, उद्या कोन रातचं तासून बारीक करंल. मानूस समोर हुबा रायला तं दुसऱ्याला लाज वाटते."

"आन मानूस मेला तं लाज बी मेली."

"मंग मराचंच नाय!"

किती वर्षं हेच भांडलो आपण! होडीत भांडलो, तेराव्याच्या पंगतीत भांडलो, चांगुणाच्या पोराच्या बारशाला भांडलो. बायका आपल्याला वैतागल्या. खरं सांगू? मला तुमचं म्हणणं पटायचं. तुम्हालाही माझं पटत असावं, कारण तुम्ही फार चिडायचात. पण तसं कबूल केलं असतं तर मग बोलायचं कशावर?

माझी बायको गेली तेव्हा सगळे माझी समजूत काढायला आले. तुम्ही आलात, ओट्यावर बसलात, चुलीकडे बघितलंत. ती थंड होती. तुम्ही म्हणालात, "तुमच्या कोपरवाल्यांनी औंदा आस चोरलाय, मी बगलंय." मी दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं ते तुम्हाला खोटारडा म्हणायला. तुम्ही तासभर भांडलात, मग राघोकडून भाकरी मागवलीत आणि भांडता भांडता मला खायला घातलंत. पुढेही आठवड्यातून एकदा काहीतरी खुसपट काढून येत राहिलात. ते उपकार होते हे मला तेव्हाही कळत होतं. बोललो मात्र नाही. तुम्हाला उपकार म्हटलेलं चाललं नसतं.

मग तो ताप आला आणि उतरलाच नाही धड. तुम्ही वाळत गेलात. खांदे गेले, गाल गेले. मागच्या वर्षी जाळी तपासायला तुम्हाला होडीत बसवत नव्हतं, म्हणून दोन्ही गावांची जाळी तुमच्या अंगणात आली. तुम्ही बाजेवर बसून एकेका आसात अंगठा घालत होतात. आणि तो सगळ्यांतून जात होता. एकही खोला अडला नाही. लोक खुशीत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. मी तुमच्या हाताकडे बघत होतो. त्या राजेळी केळ्याचा सुका बोंबील झाला होता.

सगळे गेल्यावर मी म्हणालो, "इवाय, अंगठा बारीक झालाय."

"झालाय. मंग?"

"मंग आस बी बारीक झाला. ज्यांना ठावूक हाय त्यांनी तसाच इनलाय."

तुम्ही हात गोधडीखाली घेतलात. मग म्हणालात, "अंगठा माझा हाय. ज्या दिशी मना वाटंल का तो खोटा झाला, त्या दिशी मीच सांगीन. तुमी नाय सांगाचं."

आणि भिंतीकडे तोंड केलंत. आपल्या सगळ्या भांडणांत तुम्ही तोंड फिरवलेलं ते पहिलंच. नंतर मी येत राहिलो, पण आपण दोन सभ्य माणसांसारखं बोलत राहिलो. ताप कसा आहे, पाऊस कसा आहे. मला तुमची फजिती करायची नव्हती, व्याही. तुम्ही जे केलंत ते तुमच्या हाडामांसापेक्षा जास्त दिवस टिकावं, एवढंच मला हवं होतं. हे वाक्य माझ्या तोंडाशी कितीदा आलं. तुम्ही विचारायचात, "चांगुनानं चा केलाय, घेनार?" आणि मी म्हणायचो, घेतो.

तुम्हाला अंगणात निजवलं तेव्हा काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. पायाचे अंगठे बांधायला सूत आणलं होतं. बांधून झाल्यावर उरलेला तुकडा घेऊन तुमच्याच गावचा एक म्हातारा वाकला आणि तुमच्या हाताच्या अंगठ्याभोवती गुंडाळू लागला. त्याच्या मनात पाप नव्हतं. तो रडत होता. "माप रायला पायजे," एवढंच पुटपुटत होता. राघोनं त्याचा हात झटकला. कुणी म्हणालं घेऊ दे, कुणी म्हणालं मेल्या माणसाचं माप घेतात का? अर्धं गाव तुमच्या उशाशी भांडत होतं. मी पुढे होऊन तुमचा हात पांघरुणाखाली सारला. थंडगार होता आणि इतका हलका! ज्या मापासाठी ते भांडत होते ते त्या हातात उरलंच नव्हतं. हे तिथे फक्त मला माहीत होतं, आणि कदाचित तुम्हाला.

तेराव्यानंतर देवळापाशी दोन्ही गावं बसली. तरणे म्हणाले, मानूस गेला, माप गेलं, आता ज्यानं त्यानं आपलं बघावं. बाकीचे म्हणाले, तांडेलांनी गेल्या वर्षी जे पास केलं तेच कायम धरा, त्यांचा शेवटचा शब्द तो. हे ऐकून सगळ्यांना भरून आलं. मला घाम फुटला. तोच शेवटचा शब्द कायम धरला तर दोन-चार वर्षांत आपण पुन्हा शेतात खत टाकत असणार. पण राघो समोर बसला होता, डोकं भादरलेलं, मान खाली. त्याच्यासमोर कसं म्हणू, की तुझ्या बापाचं शेवटचं माप चुकीचं होतं? मी एवढंच म्हणालो की लाकडाची खुंटी करा.

"कोनाच्या अंगठ्याची?" एकानं विचारलं.

जुन्या जाळ्यांवरून माप घ्यावं तर ती पावसाळ्यागणिक उकळून आकसलेली, ठिगळं लावलेली. प्रत्येकजण आपल्याच घरचं जाळं जुनं आणि खरं म्हणू लागला. शेवटी काहीच ठरलं नाही. उठताना तुमच्या गावचे मला म्हणाले, दरसालसारखे पुनवेच्या आदी या, जाली तं बगाला पायजेत.

म्हणून गेलो. पहिलं जाळं तुमच्याच अंगणातलं बघायचं, ही तुमचीच रीत. राघोनं खोला पसरला. मागच्या वर्षीचा, तुमच्या अंगठ्याखालून गेलेला. आजूबाजूला माणसं आपापले खोले काखेत घेऊन उभी होती. चांगुणा दारात होती. तुमच्या जागी मी माझा अंगठा घातला. पेराशी अडला. दुसऱ्या आसात घातला. तिथेही अडला.

मी मुलीचा बाप. लेकीच्या सासरच्या अंगणात मुलीच्या बापानं आवाज चढवायचा नसतो, चूक काढायची नसते, हे मला कुणी शिकवायला नको. आणि मला या जगात घर म्हणावं असं ते एकच उरलं आहे. तिथली चूल रुसली तर मला जायला दुसरी चूल नाही. मी हे सगळं त्या एका श्वासात मोजलं आणि तरी हात मागे घेऊन म्हणालो, "राघो, हा मावत नाय."

राघो उठून उभा राहिला. "मामा, हा खोला माझ्या बापानं पास केलाय. हिथंच, ह्या बाजंवर. तुमी बी व्हते. माझ्या बापाचा अंगठा खोटा व्हता, आसं म्हनाचं हाय का तुमाला?"

काखेत खोले घेतलेली माणसं हलायची थांबली. तुम्ही मला सांगितलं होतंत, तुम्ही नाही सांगायचं. मी तुमचा शब्द मोडला, व्याही. दुसरा रस्ता दिसला नाही.

"खोटा नव्हता," मी म्हणालो. "आजारी व्हता."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे डोळे भरले. मला वाटलं आता हा मला बाहेर काढील. त्यानं सुरी काढली, खाली बसला आणि खोला कापला. कापताना एकदाही वर बघितलं नाही. चांगुणा आत निघून गेली. कापून झाल्यावर त्यानं सुताची गुंडी उचलली, एक पदर मोकळा केला आणि जमिनीकडे बघतच विचारलं, "किती इनू?"

मी तोंड उघडलं ते खुंटी म्हणायला. पण खुंटी नव्हती, आणि आता कुणाच्या मापाची करायची हेही ठरलं नव्हतं. सगळे थांबले होते. मी, ज्यानं सगळं आयुष्य तुमच्याशी यावरून वाद घातला की कुणाही माणसाचं बोट हे माप असता कामा नये, मी माझा अंगठा पुढे केला.

राघोनं त्याच्याभोवती सूत गुंडाळलं. नीट, न ताणता. तुमचा मुलगा आहे. गाठ मारून त्यानं माप काढून घेतलं. मग बाकीचे एकेक करून पुढे आले. काहीजण घरी गेले आणि कापलेले खोले घेऊन परत आले. कुणी माझ्याशी भांडलं नाही. मी वाट बघत होतो.

आता खाडीवर मला बघून होडीतली माणसं गप्प होतात. कालच बाजारात तुमच्या गावच्या एका बाईनं मला विचारलं, "हात बरा हाय ना?" जेवलात का, असं नाही विचारलं. चांगुणा नातवाकरवी कालवण पाठवते, पण स्वतः आलेली नाही. येईल. लोक माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात, आणि मी हात पंचाखाली घेतो तर त्यांना वाटतं की काही लपवतोय. तुम्ही इतकी वर्षं दोन गावांतून फिरायचात, माणसं वाट द्यायची, आणि मला वाटायचं केवढा मान आहे याला. व्याही, हे इतकं एकट्याचं काम असतं, हे एकदा तरी मला सांगायचं होतंत.